निळा तो निळाच उतरावा म्हणून

करमाळा तालुक्यातील जेऊर हे मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावरचे एक स्थानक असून, उजनीच्या पाण्याने ऊस आणि केळी यांची सुबत्ता आलेल्या ह्या पट्ट्यातील इतर बाजारगावांप्रमाणेच तेथील सार्वजनिक आयुष्याची रोजकीर्द आता फ्लेक्सच्या फलकांवर लिहिली जाते. वाढदिवस, निवड, यात्रा, श्रद्धांजली अशा सर्व प्रसंगांना छायाचित्र हवेच, आणि तेही दहा-दहा फुटांचे. ह्या फलकांचे आयुष्य चार दिवसांचे असले, तरी ज्याच्या खर्चाने ते उभे राहतात तो गिऱ्हाईक दोन बाबतींत सहसा तडजोड करीत नाही: साहेबांचा चेहरा लाल मारता कामा नये, आणि १४ एप्रिलच्या फलकावरचा निळा जांभळा उतरता कामा नये.

दुसरी तक्रार अधिक उद्बोधक आहे. संगणकाचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असा तीन जातींचा प्रकाश मिसळून रंग दाखवितो. छपाईयंत्र मात्र निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया पांढऱ्या पृष्ठावर घालून त्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग हिरावून घेते. पडद्यावरचा झगझगीत निळा ह्या चार शायांच्या आवाक्यातच नसतो. त्याच्या जागी सायन आणि मॅजेंटा सारख्याच भरघोस प्रमाणात पडल्या, की डोळ्यांपुढे जांभळा उभा राहतो. यंत्रावरचा कारागीर हे जाणतो. तो ‘मॅजेंटा कमी कर’ एवढेच बोलून हातभर तुकड्याची टेस्ट काढतो, आणि निळा ताळ्यावर येतो. ह्या डोळस अनुभवाविषयी मला आदर आहे. पण संपूर्ण फाइलीतला मॅजेंटा उतरविला, की त्याच फलकावरच्या चेहऱ्यांवर हिरवट अवकळा पसरते, आणि एका तक्रारीचा निकाल लावताना दुसरी दाखल होते.

हा पेच नवा नाही. ह्याच लोहमार्गाने पुण्यापलीकडे गेले, की लोणावळ्याच्या अलीकडे मळवली लागते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे तेथेच हलविण्यात आला. तैलचित्रातील एकेक रंग निरखून वेगळा काढावा, प्रत्येकासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी आणि त्या सर्व शिळांचे ठसे एकाच कागदावर तंतोतंत बसवावेत, असा तो शिरस्ता. जर्मनीहून आलेल्या फ्रिट्झ श्लायशरसारख्या तंत्रज्ञांची त्यात मोठी मदत होती. लक्ष्मी आणि सरस्वतीच्या मुखावरची कांती घरोघर पोहोचली ती ह्या रंगविच्छेदकांच्या नजरेमुळे. ती नजर मात्र त्या माणसाबरोबरच निवृत्त होत असे.

नजरेच्या जागी मोजमाप आणण्याचा पाया १९३१ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने घातला: सर्वसाधारण मानवी डोळ्याला दिसणारा कोणताही रंग तीन आकड्यांनी सांगता यावा, अशी ती तजवीज होती. १९७६ मध्ये त्याच आयोगाने ‘लॅब’ ही मापनपद्धती स्वीकारली, आणि १९९३ मध्ये संगणकव्यवसायातील काही कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयसीसी प्रोफाइल’ ह्या सामाईक मसुद्यासाठी संघटना स्थापिली. प्रोफाइल म्हणजे अमुक यंत्र, अमुक शाई आणि अमुक माध्यम ह्या त्रिकुटाची कैफियत होय.

ती लिहून घेण्याचा क्रम मोडून चालत नाही. आधी नोझल चेक काढून शाईचे एकही छिद्र तुंबलेले नाही याची खात्री करावी; मग प्रत्येक शाईचे प्रमाण पायरीपायरीने चढते की एकदम उडी मारते, हे तपासून दुरुस्त करावे. चारही शाया शंभर टक्के पडल्या तर चारशे टक्के होतात, पण एवढा भार फ्लेक्सला सोसत नाही, तो ओलाच राहून चिकटतो. म्हणून एकूण शाईला मर्यादा घालावी. एवढे झाल्यावरच शेकडो रंगचौकटींचा तक्ता छापून, वाळवून, वर्णपटमापकाने वाचावा. आमच्याकडे बहुधा हा शेवटचा भागच कोठून तरी आयता उतरवून घेतात. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्याचाच तो प्रकार, आणि मग दोष यंत्राला देतात.

ह्या साऱ्या खटाटोपाची खरी परीक्षा निवडणुकीच्या फलकापेक्षा उजनीच्या पाणथळीत हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या छायाचित्रात होते. पांढऱ्या पिसांवरचा तो फिकट गुलाबी इतका नाजूक असतो, की माध्यमाचा स्वतःचा पांढरा किंचित निळसर असला तरी पक्षी आजारी दिसू लागतो. शिवाय गडद मॅजेंटाचे विरळ ठिपके जवळून पाहताना पुरळासारखे खुपतात, म्हणूनच छायाचित्रांसाठीच्या यंत्रांत फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा अशा जादा शाया भरलेल्या असतात. आवाक्याबाहेरचे रंग कसे आत आणावयाचे हेही ठरवावे लागते: सर्वच रंग प्रमाणात आखडून घ्यावेत, की आवाक्यातल्यांना धक्का न लावता बाहेरच्यांनाच काठावर आणून बसवावे? रोहितासाठी मी दुसरा मार्ग पसंत करीन. झगझगीत निळ्या-भगव्या छटांच्या उतरणी असलेल्या फलकासाठी पहिला.

प्रत पाहावयाची तीही ठरलेल्या उजेडात. तपासणीसाठी पाच हजार केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात विजोड ठरू शकतात. आणि सोलापुरी उन्हापुढे प्रोफाइलचाही इलाज चालत नाही: पिवळी आणि मॅजेंटा बहुधा आधी विटतात, सायन मागे राहते, आणि महिनोन्‌महिने न उतरविलेल्या फलकांवरचे शुभेच्छुक सरसकट निळे पडतात.

‘थोडं उजळ करा’ ह्या फर्माइशीची नोंद मात्र वेगळ्या वहीत करावी. ते काम फाइलीत, गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर आणि यंत्राच्या मांडणीला हात न लावता व्हावे. नाहीतर एका साहेबांसाठी सरकविलेला काटा पुढच्या दहा गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर तसाच राहतो.