पडद्याआडचा अनोळखी



सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीस सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. मूल घराबाहेर पडून शाळेत कसे जाईल, ही त्या काळची विवंचना होती. आज आमच्या प्रतापनगरातील आईबापांची विवंचना उलट आहे. मूल घरातच, डोळ्यांसमोर बसलेले असते. परंतु हातातील मोबाइलमधून ते कोणाच्या संगतीत वावरते आहे, हे त्यांस ठाऊक नसते.

ही संगत जडते कशी? ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातील एका समारंभात अभिनेते अक्षयकुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला. ती एका अनोळखी व्यक्तीबरोबर मोबाइलवर खेळ खेळत होती. पलीकडून प्रथम कौतुकाचे शब्द आले. मग तू मुलगा की मुलगी, अशी विचारणा झाली. आणि ती मुलगी आहे असे कळताच तिच्याकडे नग्न छायाचित्रांची मागणी करण्यात आली. मुलीने खेळ बंद केला आणि आईला सर्व हकीगत सांगितली. सातवी ते दहावीच्या वर्गांस दर आठवड्याला या विषयाचा एक तास असावा, अशी विनंती त्यांनी त्याच वेळी मुख्यमंत्र्यांना केली.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी स्तुती, मग चौकशी, मग मागणी. एखादे छायाचित्र हाती लागले की पुढची पायरी धमकीची असते, आणि लाजेने गप्प बसलेले मूल अधिकच गुंतत जाते. त्या मुलीला तारले ते आईशी मोकळेपणाने बोलण्याच्या सवयीने.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. हा उपक्रम स्तुत्य होय. तथापि भोंग्याने वेळ आवरते. उरलेल्या वेळी मुलाचे रक्षण त्याच्या समजुतीनेच व्हावयाचे असते.

तेव्हा मुलांना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आपले नाव, शाळा, पत्ता व छायाचित्र अनोळखी माणसास देऊ नये. ‘घरी सांगू नकोस’ असे जो म्हणेल, त्याच्याविषयी घरी अवश्य सांगावे. आणि काही चुकले असले तरी आम्ही प्रथम तुझे ऐकून घेऊ, रागावणार नाही. हे तिसरे वचन मोडले, तर पहिल्या दोन सूचना व्यर्थ जातात.

प्रसंग ओढवलाच, तर पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसू नयेत. तोच पुरावा असतो. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही करता येते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन घातले आहे, आणि मुलाची ओळख वृत्तपत्रांत उघड करण्यास मनाई केली आहे. अब्रूच्या भीतीने तक्रार टाळणाऱ्या पालकांनी ही तरतूद ध्यानी ठेवावी. कारण आपल्या मौनाचा लाभ घेऊन तोच इसम उद्या दुसऱ्या घरातील मुलाशी खेळावयास बसेल.