परसातलं वाळवण : अख्ख्या टोमॅटोचं घोडं कुठे अडतं

तेलात मुरवायच्या चेरी टोमॅटोची कृती या आठवड्यात द्यायचं ठरलं होतं. कडेगावहून आलेल्या एका प्रश्नाने ती मागे ढकलली आहे. प्रश्न असा : अर्धे चिरा, मीठ लावा, जाळीवर मांडा, उलटा, ही यातायात कशासाठी? द्राक्षं अख्खीच वाळतात, मग द्राक्षाएवढे टोमॅटो अख्खे का वाळू नयेत? विचारणाऱ्या बाईंचं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरचं बेदाण्याचं शेड. म्हणजे वाळवणातलं त्यांना कुणी शिकवावं अशातला भाग नाही. त्यांनी मागच्या फेब्रुवारीत गच्चीवर सुपात अख्खे टोमॅटो पसरलेही होते. आठवड्याने निम्मे जसेच्या तसे टणक, उरलेल्यांना देठाकडून पांढरी बुरशी.

‘सांगलीचा बेदाणा’ या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला कारण आहे. तासगाव-सावळजच्या शेडवर द्राक्षं नुसती पसरून देत नाहीत. पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ घातलेल्या पाण्यात घड बुडवून काढतात आणि मगच रॅकच्या जाळ्यांवर सावलीत टाकतात. वारा आरपार खेळतो आणि दोनेक आठवड्यांत माल तयार होतो. खरी किमया त्या बुडवण्यात आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक चढलेले असतात, पाणी आतच राहावं म्हणून. डिपिंग ऑइलमधलं इथाइल ओलिएट त्या पापुद्र्यांत शिरतं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट करून देतं. न बुडवलेलं द्राक्षही वाळतं, पण फार रेंगाळतं आणि काळवंडतं.

टोमॅटोची साल याहून हट्टी. पानांवर हवा आणि वाफ ये-जा करण्यासाठी हजारो रंध्रं असतात. टोमॅटोच्या फळावर एकही नसतं. वरून मेण, त्याखाली क्यूटिनचा चिवट थर, आणि सगळं गुळगुळीत बंद. फळाचा श्वास आणि पाणी यांची मुख्य वाट एकच : देठ जिथे तुटतो ती खळगी. घरी पाहायचं असेल तर एकाच झाडाचे, एकाच आकाराचे दोन पिकलेले टोमॅटो घ्यावेत. एकाच्या खळगीत मेणबत्तीचा थेंब टाकावा, दुसऱ्याची तशीच ठेवावी, आणि दोन्ही फळीवर शेजारी शेजारी मांडावेत. आधी सुरकुततो तो उघड्या खळगीचा. कडेगावच्या सुपात बुरशी देठाकडून का आली, तेही यातच आलं. पाणी बाहेर पडण्याची जी वाट, तीच बुरशीला आत शिरण्याची.

मग टोमॅटोही डिपिंग ऑइलमध्ये बुडवावेत का? टोमॅटोवर तसे प्रयोग झालेत आणि वाळण्याचा वेळ कमी होतो हे दिसलंय. पण घरच्या गच्चीवर त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, कारण खरी अडचण सालीपाशी संपत नाही. बेदाण्यासाठी द्राक्ष उतरवतात तेव्हा त्यात साखर वीस-बावीस टक्क्यांच्या घरात असते. पाणी थोडं उडालं की आतला रस पाकासारखा दाट होतो आणि त्या पाकात बुरशीला जगता येत नाही. द्राक्ष स्वतःच स्वतःला टिकवतं. चेरी टोमॅटो मोठ्या टोमॅटोपेक्षा गोड खरा, पण द्राक्षाच्या साखरेची बरोबरी त्याला कधीच जमत नाही. वाळणं आणि नासणं यांच्या शर्यतीत अख्खा टोमॅटो मागे पडतो तो इथे.

चिरल्याने साल बाजूला पडते आणि मीठ साखरेची उणीव भरून काढतं. सुरी देठापासून खाली न घालता आडवी घालावी. चेरी टोमॅटोत बहुधा दोनच कप्पे असतात. आडव्या कापाने दोन्ही उघडे पडतात आणि बियांभोवतीचा गर सरळ उन्हाला लागतो. काप वर, साल खाली. मीठ भुरभुरलं की थोड्याच वेळात प्रत्येक वाटीत पाणी डबडबतं. ते झटकून टाकलं की एक दिवस वाचतो. संध्याकाळपर्यंत कडा आत वळतात. दुसऱ्या दिवशी गर खाली बसतो आणि बिया ठिपक्यांसारख्या वर दिसू लागतात. तेव्हा उलटावेत, आधी नाही, नाहीतर गर जाळीला चिकटून बसतो. वाळला की नाही हे बोटांनी ठरवावं : दाबल्यावर चामड्यासारखा वाकला पाहिजे, पण मधे ओल लागता कामा नये. हिशोब करायचा तर किलोभर टोमॅटोत सत्तर-ऐंशी ग्रॅमच घन भाग असतो. किलोमागे शंभर ग्रॅमहून बरंच जास्त वजन भरलं तर पाणी अजून आत आहे.

फेब्रुवारी-मार्चची कडेगावची हवा या कामाला फार चांगली. पर्जन्यछायेतला मुलूख, दुपारी कोरडा वारा. मात्र ताकारी आणि टेंभू या सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून शिवारात ऊस उभा असतो आणि पहाटे दहिवर पडतं. रात्री जाळी गच्चीवर राहिली तर दिवसभर उडालेलं पाणी पुन्हा आत शिरतं. दिवेलागणीआधी जाळी घरात आलीच पाहिजे.

आता याच हट्टी सालीची दुसरी बाजू, जी या लेखमालेत खरं तर आधीच यायला हवी होती. इटलीत नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या उतारावर ‘पिएन्नोलो’ नावाचे छोटे, टोकदार टोमॅटो होतात. तिथले लोक ते घडानेच काढतात, तागाच्या दोरीभोवती गुंफून भला मोठा झुबका करतात आणि हवेशीर जागी टांगून ठेवतात. उन्हाळ्यात उतरवलेलं फळ हिवाळाभर पुरतं. सुरकुततं, गोड होतं, पण नासत नाही. जाड साल, मोजकं पाणी, आणि देठ न तुटल्यामुळे झाकलेली खळगी : टिकण्याचं सगळं गणित यात आहे. युरोपने या टोमॅटोला 2009 मध्ये मानांकन दिलं. मायोर्काचा ‘रामेयेत’ हाही असाच टांगून ठेवायचा टोमॅटो. पावावर घासून खातात.

तेव्हा अख्खाच ठेवायची हौस असेल तर कडेगावकरांनी वाळवण्यापेक्षा टांगून पाहावं. काढणीआधी आठवडाभर पाणी तोडायचं, जाड सालीचं वाण घ्यायचं, घड देठासकट कापायचा आणि सावलीत अडकवायचा. ‘सनगोल्ड’ हा चेरी टोमॅटो इथे कामाचा नाही. चवीला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण साल इतकी नाजूक की पाणी जरा जास्त झालं तरी झाडावरच तडकतो. उलट वाळवायला तोच बरा. जाड सालीचा टोमॅटो वाळला की दाताखाली प्लॅस्टिकसारखा लागतो.

सुईने टोचून अख्खे वाळवावेत का, असंही बाईंनी विचारलंय. टोचल्याने वाळायला थोडी मदत होते, पण प्रत्येक भोकातून रस पाझरतो आणि तासाभरात चिलटं हजर होतात. त्यापेक्षा सुरी बरी.

तेलाच्या बरणीचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर कुणी घाई केलीच, तर तेलात कच्चा लसूण घालून बरणी फडताळात ठेवू नये. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझमचं विष बनवणाऱ्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. तो विषय दोन ओळींत आटपण्यासारखा नाही.