स्पर्शाची भाषा

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. कारखान्यात उमेद खर्ची घातलेले अनेक कामगार आज वार्धक्यात आहेत. समजा, कॅम्प-१ मधील एका घरातले आजोबा दिवस मावळताच ‘पाळीला उशीर होतोय’ म्हणत दाराकडे धाव घेतात. ‘बाबा, तुम्ही निवृत्त झालात’ असे समजावले की त्यांची तगमग वाढतेच. स्मृतिभ्रंशात शब्दांचा अर्थ हरपत जातो; मायेचा स्पर्श मात्र दीर्घकाळ उमगतो.

यामागे शास्त्र आहे. हात, पाठ येथील त्वचेत मृदू स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर अशा संथ गतीने फिरणाऱ्या उबदार हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात.

मात्र मागून अचानक हात लावू नये. समोर यावे, नजरेला नजर मिळवावी, नेहमीची हाक मारावी आणि आपला तळहात पुढे करावा. मनगट धरू नये. धरणे म्हणजे अडवणे, असा समज होऊन भीती वाढते. त्यांचा हात आपल्या तळहातावर घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत हळुवार हात फिरवावा. त्यांनी हात मागे घेतल्यास तो नकार मानून थांबावे.

अस्वस्थता एकाएकी उद्भवल्यास वेदना, तहान, बद्धकोष्ठता वा मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. स्पर्श हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. परंतु ‘आपण एकटे नाही’ हा दिलासा त्या हातातूनच पोहोचतो.