इंटरल्यूकिन-१० ग्राहीदोष
इंटरल्यूकिन-१० ग्राहीदोष हा तान्ह्या मुलांच्या आतड्यांना तीव्र दाह आणणारा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणारा संदेश देते. तो स्वीकारणारा पेशीवरील ग्राही सदोष असल्यास आतड्यातील एरवी निरुपद्रवी जिवाणूंविरुद्धही दाह चालूच राहतो. जन्मानंतर काही महिन्यांतच रक्तमिश्रित जुलाब व भगंदर ही लक्षणे दिसतात. बाळाची वाढ खुंटते.

हे प्रथिन नसलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, हे १९९३ मध्येच सिद्ध झाले होते. मुलांमधील पुरावा मिळण्यास मात्र २००९ उजाडले. जर्मनीतील हॅनोव्हर येथील ख्रिस्टोफ क्लाइन व सहकाऱ्यांनी नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांतील आजारी मुलांचा अभ्यास करून ग्राहीच्या जनुकांतील उत्परिवर्तने शोधली. दोष रक्तपेशींत असल्याने त्यांपैकी एका मुलावर दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्यात आले आणि दाह शमला.

क्रोन रोगावरील नेहमीच्या औषधांना हा विकार सहसा दाद देत नाही. त्यामुळे केवळ ‘क्रोन रोग’ या निदानावर थांबणे बाळाला महागात पडू शकते. दोन वर्षांखालील मुलांत असा दाह आढळल्यास जनुकीय तपासणी लवकर करणे इष्ट मानले जाते.