दिवा असलेले बटण

बंगळूर शहराच्या पूर्वेस, व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर महादेवपुरा हा भाग आहे. दोड्डनेकुंदीच्या औद्योगिक क्षेत्रातील लहानमोठे कारखाने आणि संगणक-व्यवसायाच्या काचेच्या उंच इमारती येथे जवळजवळ उभ्या आहेत. २००७ साली हा भाग महानगरपालिकेत सामील झाला आणि २५ मार्च २०२३ रोजी कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड या मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले. सिंगय्यनपाळ्य स्थानकावर उतरणारा माणूस कारखान्यात जावो अथवा कचेरीत, कामावर पोहोचताच ज्या वस्तूला त्याचे बोट लागते ती बहुधा एकच असते : आत दिवा असलेले बटण.

कचेरीत हे बटण लिफ्टच्या दाराशी असते. ते दाबले की त्याभोवतीचे वर्तुळ उजळते आणि दाबणारा निश्चिंत होतो. वस्तुतः त्या प्रकाशाने एवढेच सांगितलेले असते की, मागणीची नोंद झाली आहे. लिफ्ट निघाली की नाही, ती तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे की काय, याविषयी तो प्रकाश मौन पाळतो. लिफ्टच्या बाबतीत हा गैरसमज फार तर पाच मिनिटे खाईल. कारखान्यातील प्रेस यंत्रापुढे तोच गैरसमज कामगाराची बोटे खाऊ शकतो.

याचे कारण या बटणाच्या रचनेतच आहे. त्यात दोन निरनिराळी उपकरणे एकाच कवचात बसविलेली असतात. एक म्हणजे संपर्क, ज्याला कारागीर ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतात. बोटाच्या दाबाने तो जुळतो किंवा तुटतो आणि यंत्राला आज्ञा देतो. दुसरा दिवा. तो आज्ञा देत नाही, वार्ता देतो. या दोघांच्या तारा वेगळ्या असतात, पुष्कळदा त्यांचा विद्युत्‌दाबही वेगळा असतो. एकाच ठिकाणी असल्यामुळे मात्र पाहणाऱ्यास ते एक वाटतात, आणि आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेली, असे मन सहज धरून चालते.

या समजुतीची फार मोठी किंमत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात मोजावी लागली. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तेथील एक झडप उघडली आणि पुन्हा बंद होण्याऐवजी तशीच अडकली. नियंत्रणकक्षातील तिचा दर्शक दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेच्या प्रत्यक्ष स्थितीशी जोडलेलाच नव्हता. झडप हलविणाऱ्या विद्युत्‌चुंबकाला प्रवाह मिळत आहे किंवा नाही, एवढेच तो दाखवीत असे. प्रवाह थांबला, दिवा विझला, आणि झडप मिटली असे कर्मचाऱ्यांनी मानले. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेतून शीतक निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. या अपघाताला इतरही कारणे होती. तरीपण दिव्याने चूक सांगितले नव्हते. त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून गृहीत धरले गेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून बटण बसविण्याआधी वायरमनने आणि त्याच्या मालकानेही एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे : हा दिवा कशाची वार्ता देणार? मोटर चालू करण्याचे साधे उदाहरण घ्यावे. दिवा बटणाच्याच संपर्कातून जोडला, तर तो केवळ ‘बटण दाबले’ असे सांगेल. तो कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीला समांतर जोडला, तर गुंडाळीपर्यंत वीज पोहोचल्याचे कळेल. कॉन्टॅक्टरच्या साहाय्यक संपर्कातून जोडल्यास कॉन्टॅक्टर खरोखर ओढला गेल्याचे कळते. मात्र मोटर फिरत आहे किंवा पट्टा तुटून ती रिकामीच घुमत आहे, हे कळण्यासाठी यंत्राच्या फिरत्या भागापाशीच संवेदक बसवावा लागतो. प्रत्येक पायरीला खर्च वाढतो, आणि प्रत्येक यंत्राला शेवटची पायरी लागतेच असे नाही. परंतु दिवा कोणत्या पायरीवरचा आहे, हे त्या यंत्रावर काम करणाऱ्यास माहीत असलेच पाहिजे.

विझलेल्या दिव्याविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे. दिवा विझला म्हणजे वीज नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये. दिवा जळून गेला असेल, त्याची तार ढिली झाली असेल, किंवा केवळ त्याचाच फ्यूज उडाला असेल. याच्या उलट प्रकारही घडतो. हल्लीच्या एलईडी दिव्यांना प्रवाह अत्यल्प लागतो. त्यामुळे लांबवर शेजारी शेजारी नेलेल्या तारांमधील धारितेमुळे झिरपणाऱ्या प्रवाहानेही ते मंद पेटलेले दिसतात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे, त्याला स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे, आणि परीक्षकाने तारा तपासणे, हाच मार्ग आहे. तो परीक्षकही आधी आणि नंतर चालू तारेवर लावून खात्री करून घ्यावी, कारण परीक्षक म्हणजे तरी शेवटी आणखी एक दिवाच.

रंगांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत. तांबडा दिवा धोक्याची स्थिती दर्शवितो, पिवळा काहीतरी बिघडत असल्याची, हिरवा सुरळीत स्थिती आणि निळा काही कृती करणे आवश्यक असल्याचे. यंत्र चालू करण्याचे बटण तांबडे नसावे, थांबविण्याचे हिरवे नसावे. काही पुरुषांना तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नाही. शिवाय महादेवपुऱ्यासारख्या ठिकाणी एकाच पाळीत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि हिंदी बोलणारे कामगार असतात. म्हणून रंगाच्या जोडीला उभी रेघ म्हणजे ‘चालू’ व वर्तुळ म्हणजे ‘बंद’ ही चिन्हे कोरलेली असावीत. आणीबाणीच्या बटणाचा विचार निराळा करावा. त्याचे डोके तांबडे, पार्श्वभूमी पिवळी असते, आणि दाबल्यावर ते तसेच दबून राहते. त्याच्या आत दिवा असला, तरी त्याचा तांबडेपणा दिव्यावर अवलंबून नसावा, कारण वीज गेल्यावरही ते डोळ्यांना सापडले पाहिजे. ते पुन्हा वर उचलल्यामुळे यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २४ व्या कलमानेही प्रत्येक कार्यदालनात आणीबाणीच्या वेळी वीज तोडण्याच्या साधनांची तरतूद सांगितली होती.

आता प्रत्यक्ष बसविण्याकडे वळावे. प्रचारात असलेल्या बहुसंख्य बटणांसाठी पॅनेलच्या पत्र्यात सुमारे २२.५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडावे लागते. जुन्या दणकट नमुन्यांना ३०.५ मिलिमीटरचे, तर लहानांना १६ मिलिमीटरचे छिद्र लागते. छिद्र वीज चालू असताना कदापि पाडू नये. लोखंडाचा एक किस आतल्या दोन टोकांमध्ये पडला, तरी पुरे होतो. छिद्राची धार कानशीने गुळगुळीत करावी. ती तशीच ठेवली, तर रबरी वळे पुढच्या बाजूस नीट बसत नाही आणि तेथून तेल व पाणी आत शिरते. छिद्राला एक लहानशी खाच ठेवतात. बटणावरचा उंचवटा तीत बसला की बटण जागच्या जागी फिरत नाही. घाईत ही खाच गाळली जाते. मग महिन्याभराच्या वापराने बटण थोडे थोडे वळते आणि मागच्या तारांना पीळ पडून त्या निसटतात. मागचा नट घट्ट बसवावा, पण प्लास्टिकच्या आट्या तुटतील इतका आवळू नये.

२२.५ मिलिमीटरच्या छिद्रांत मध्यापासून मध्यापर्यंत आडवे निदान ३० व उभे ४० मिलिमीटर अंतर असावे. त्याहून जवळ आणल्यास हातमोजा घातलेले बोट दोन बटणे एकदम दाबते. चालू करण्याचे बटण कडीच्या आत दबलेले असावे, म्हणजे कोपराच्या धक्क्याने यंत्र सुरू होणार नाही. थांबविण्याचे मात्र बाहेर आलेले असावे. पॅनेलचे दार बिजागरीवर फिरत असल्यास तारांना मोकळा झोल द्यावा. धातूचे दार लवचिक तारेने पॅनेलच्या भूयोजनाशी जोडावे. बिजागरीच्या भरवशावर राहू नये. तिच्यावर रंग आणि गंज चढतो.

पश्चिमेच्या खिडकीसमोर पॅनेल असेल, तर दुपारनंतर एक चमत्कार दिसतो. तिरपे ऊन रंगीत भिंगात शिरून परत येते, आणि विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासतो. त्यावर उपाय म्हणजे छोटी पडदी किंवा जागेचा बदल. पूर्वीच्या तंतुदिव्यांमध्ये उष्णतेमुळे भिंगे तडकत. त्याहून मोठा धोका ते बदलताना असे. पुढून भिंग काढले की २३० व्होल्टचा धारक उघडा पडे. दिव्यांसाठी वेगळ्या रोहित्राने २४ व्होल्टचा पुरवठा करण्याची पद्धत त्यामुळे अधिक शहाणपणाची ठरते. दिवे तपासण्यासाठी एक स्वतंत्र बटण ठेवावे. ते दाबताच सर्व दिवे उजळावेत, आणि पाळी सुरू होताना ते रोज दाबावे.

पॅनेल पुरे झाल्यावर पहिली चाचणी सर्वांच्या आवडीची असते : हिरवे बटण दाबून यंत्र फिरताना पाहणे. अनुभवी फिटर प्रथम मोटरच्या तारा सोडून ठेवतो. मग तो प्रत्येक ‘बंद’ बटण एकेक करून दाबतो, आणि दर वेळी कॉन्टॅक्टर सुटल्याचा ‘खट्’ असा आवाज ऐकल्यावरच पुढच्या बटणाकडे जातो. दिव्याकडे तो नंतर पाहतो.