योसेफॉव्ह : भिंतीवरची नावं

प्रागला गेलेली आपली मंडळी चार्ल्स पूल पाहतात, जुन्या चौकातल्या खगोल-घड्याळासमोर तासाच्या ठोक्याला माना वर करून उभी राहतात, थोडी खरेदी करतात आणि परततात. त्याच चौकापासून पाच-सात मिनिटं चालत गेलं, की योसेफॉव्ह लागतं. ही प्रागमधली जुनी ज्यू वस्ती. मे महिन्याच्या हाफ टर्ममध्ये आम्ही तिघं गेलो, तेव्हा तिला एक सकाळ द्यायची असं ठरवलं होतं. अख्खा दिवस गेला.

निघण्यापूर्वी फोनवर सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, सुट्टीत दहा वर्षांच्या लेकराला असलं कशाला दाखवतेस?" प्रश्न रास्तच होता. पण इथल्या शाळेत लेकीच्या वर्गाने १९३९ साली आगगाडीने इंग्लंडला आलेल्या ज्यू मुलांची गोष्ट वाचली होती. निकोलस विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या ६६९ मुलांना वाचवलं, ती याच प्रागहून निघाली होती. वाचलेल्यांची गोष्ट कळली, तर न वाचलेल्यांची अगदीच लपवावी असं मला, म्हणजे एका माजी शिक्षिकेला, पटेना.

'जुनी वस्ती' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अरुंद बोळ येतात. प्रत्यक्षात दिसतो तो रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच देखण्या इमारती आणि ज्यांच्या काचेतल्या पर्सची किंमत विचारायचीही सोय नाही अशी दुकानं. १८९३नंतर नगरपालिकेने दाटीवाटीची, अस्वच्छ वस्ती पाडून इथे नवं शहर वसवलं. उरली ती काही सिनेगॉग, ज्यूंचा टाउन हॉल आणि दफनभूमी. ज्या सम्राट दुसऱ्या योसेफने ज्यूंवरची बंधनं सैल केली, त्याचं नाव या भागाला मिळालं. टाउन हॉलवर हिब्रू अक्षरांचं एक घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून त्याचे काटेही उलटे फिरतात. लेकीला ते इतकं आवडलं, की तिथून हलायलाच तयार होईना.

शेजारीच जुनं-नवं सिनेगॉग. साधारण १२७०च्या सुमाराचं, आणि आजही तिथे प्रार्थना होते. राब्बी लोव यांनी मातीचा पुतळा जिवंत केला, तो गोलेम याच्या माळ्यावर पडून आहे अशी दंतकथा. दुकानांत त्याच्या मूर्तींचे ढीग आहेत. आमच्याकडेही एक आली.

राब्बी लोव १६०९ साली वारले. त्यांची समाधी जुन्या दफनभूमीत आहे. ही जागा पाहिल्याशिवाय कळत नाही. पंधराव्या शतकापासून १७८७पर्यंत ज्यूंना मृतांसाठी एवढीच जागा होती. त्यांच्या धर्मात जुनी कबर उकरायची नाही, आणि जागा तर वाढत नाही. मग वर माती टाकायची आणि नव्या थरात पुरायचं. असे थरावर थर चढले, खालचे दगड वर आणून उभे केले. आज सुमारे बारा हजार दगड एकमेकांवर रेलून, कलून, खेटून उभे आहेत. दगडांवर कुठे द्राक्षांचा घड, कुठे सिंह, कुठे शिंप्याची कात्री. आशीर्वादाला उचललेले दोन हात दिसले, की ते कोहेन म्हणजे पुरोहित घराणं. पाण्याचा तांब्या दिसला, की लेवी. फुलांऐवजी लोक कबरीवर लहान खडा ठेवतात.

पण मला सांगायचं आहे ते पिंकास सिनेगॉगबद्दल. बांधकाम १५३५चं. आत शिरताना नवऱ्याला डोक्यावर घालायला कागदी टोपी दिली. आत मूर्ती नाही, चित्र नाही, झुंबरांचा थाट नाही. फक्त भिंती, आणि भिंतीभर बारीक अक्षरं. लांबून वाटतं, कापडावरची छपाई आहे. जवळ गेल्यावर कळतं, की ही नावं आहेत. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची. आधी गावाचं नाव, मग लाल अक्षरांत आडनाव, पुढे घरातल्या एकेकाचं नाव, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. आडनाव एकदाच लिहिलंय, त्यापुढे आजोबा, सून, नातवंडं. आपल्या रेशन कार्डावर असतं तसं. व्हाक्लाव्ह बोश्टिक आणि यिर्झी यॉन या दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात ती हाताने लिहिली. १९६८मध्ये ओल आली म्हणून सिनेगॉग बंद झालं, आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावरच ती नावं पुन्हा लिहिली गेली.

गाव आणि आडनाव अशी जोडी वाचताना मला आपल्या कोकणातले बेने इस्रायल आठवले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. त्यांच्यातले बरेच जण पुढे इस्रायलला गेले, पण ते स्वतःच्या मर्जीने, सामान बांधून, आणि मराठी बरोबर घेऊन. किहीमकरांची नावं कुणाला भिंतीवर लिहावी लागली नाहीत. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो खरा, पण त्यांच्याबद्दल शाळेत मी स्वतः किती शिकवलं? पाठ्यपुस्तकात दोन ओळीही सापडत नसत.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. प्रागच्या उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर टेरेझीन नावाचं किल्ल्याचं गाव आहे. तिथे नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. शाळा भरवायला बंदी होती. चित्रं काढायला मात्र चालत असे. व्हिएन्नात जन्मलेल्या, बाउहाउसमध्ये शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस तिथे मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत. चित्रांत घरं, फुलपाखरं, भरलेलं जेवणाचं टेबल. आणि अधूनमधून तीन मजली खाटा, रांगा.

लेकीने मरणाबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "आई, यांना रंग कुठून मिळाले?" हद्दपार होताना प्रत्येकाला पन्नास किलो सामान नेता येई. फ्रीडलबाईंनी त्यात चित्रकलेचं साहित्य भरलं होतं असं सांगतात. कागद म्हणजे कचेरीतले वापरलेले फॉर्म, त्यांच्या कोऱ्या पाठी. मग लेकीच्याच लक्षात आलं, की चित्रांवर नावं आहेत. मुलांनी स्वतःचं नाव घालायचं, हा बाईंचा आग्रह होता. मीही वर्गात "कोपऱ्यात नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक लिहा" असं रोज ओरडत असे. ते वह्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. इथे माणसांचे क्रमांक होत होते, आणि एक बाई मुलांना नाव लिहायला लावत होती.

ऑक्टोबर १९४४मध्ये नवऱ्यामागोमाग त्यांनी ऑशविट्झची गाडी धरली. तिथे त्यांना मारण्यात आलं, नवरा वाचला. युद्धानंतर सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमधून प्रागला आली. काढणारी बहुतेक मुलं आली नाहीत.

सासूबाईंना मी परत फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं, की दहाव्या वर्षी दाखवायला हरकत नाही, पण चित्रांपाशी जास्त वेळ थांबा आणि मुलांना विचारू द्या. सहा-सात वर्षांच्यांना मात्र दफनभूमी आणि उलटं घड्याळ पुरे. तिकीट सगळ्या वास्तूंचं मिळून निघतं. शनिवारी आणि ज्यू सणांना सगळं बंद असतं, तेव्हा तारखा पाहूनच आखणी करा.

आणि ज्यांना प्रागला जायला जमणार नाही, त्यांच्यासाठी हे. बोहेमिया-मोराव्हियातल्या रिकाम्या झालेल्या सिनेगॉगमधून तोराच्या गुंडाळ्या युद्धकाळात प्रागच्या ज्यू संग्रहालयात जमा झाल्या. तिथे त्यांची नोंद करणारे ज्यू कर्मचारीही बहुतेक पुढे छळछावण्यांत गेले. नंतर वर्षानुवर्षं त्या प्रागच्या उपनगरातल्या एका ओलसर सिनेगॉगमध्ये पडून होत्या. १९६४ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने त्या विकल्या आणि १,५६४ गुंडाळ्या लंडनला, नाइट्सब्रिजच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये आल्या. काही वर्षांनी डेव्हिड ब्रँड नावाचे एक लेखनिक दारात येऊन विचारू लागले, दुरुस्तीला तोरा आहेत का. ते पुढे पंचवीसहून अधिक वर्षं तिथे बसून अक्षरं सांधत राहिले. दुरुस्त झालेल्या गुंडाळ्या जगभरच्या प्रार्थनास्थळांना वापरायला दिल्या गेल्या. ज्या फारच जळल्या-भिजलेल्या होत्या, त्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या संग्रहालयात फडताळांत ठेवल्या आहेत, प्रत्येकीला क्रमांक. ज्यांचं मूळ गाव कळलंय त्यांच्या नोंदीत गावही आहे, आणि तीच गावं पिंकासच्या भिंतीवर आहेत. संग्रहालय रोज उघडं नसतं, आधी चौकशी करून जा.