अपशिंगे मिलिटरी

पुण्याचे स्वारगेट बसस्थानक तुम्ही पाहिले आहे का? साताऱ्याकडे जाणाऱ्या अनेक एस.टी. गाड्या येथून सुटतात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. पण नुसते अपशिंगे कोणी म्हणत नाही. ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. गावाच्या नावाला हा इंग्रजी शब्द का जोडला गेला असेल?

1914 साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. म्हणून दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापलीकडे पाठवली गेली. अपशिंग्याचे अनेक तरुण पलटणीत भरती झाले. त्यांपैकी 46 जण परत आले नाहीत, असे गावकरी सांगतात. गावात त्यांचे स्मारक आहे. फौजेत जाण्याची रीत मात्र गावाने सोडली नाही.

त्या युद्धात मराठा पलटणी इराकमध्येही लढल्या. पुण्याचे नाव असलेली एक मोठी फौज तेथे कुत या गावी वेढ्यात सापडली. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. वेढा 147 दिवस चालला. धान्य संपत आले, तेव्हा फौजेतले घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस कित्येक दिवस नाकारले. शेवटी 29 एप्रिल 1916 रोजी फौज शरण गेली. पुढे कैदेत हजारो माणसे दगावली.

या लोकांची नावे कोठे वाचायला मिळतात? पुण्यातच खडकीला एक युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. तेथे साध्या गोऱ्या शिपायाचेही नाव सापडते. इराकमधील बसरा येथे 1929 साली असेच मोठे स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आली. हिंदी सुभेदार आणि जमादार यांचीही आली. हवालदार आणि शिपाई यांचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा लिहिला गेला. (हे सगळे हुद्दे तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे असतील.) ज्याच्या घरी आई वाट पाहत होती, तो दगडावर एका आकड्यात मावला!

ही स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने 2021 साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. मृतांना सारखी वागणूक मिळाली नाही आणि त्यामागे वर्णभेद होता, हे तिने मान्य केले व माफी मागितली. कुतच्या शरणागतीला तेव्हा 105 वर्षे झाली होती.